सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) : कायदा काय सांगतो?

आधार : कंपनी कायदा २०१३, कलम १३५. अंमल १ एप्रिल २०१४ पासून.

कोणाला लागू : मागील आर्थिक वर्षात नेटवर्थ किमान ५०० कोटी, उलाढाल किमान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी रुपये असलेल्या कंपन्यांना. तिन्हींपैकी एक निकष पुरेसा.

किती खर्च : मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के.

कशावर : परिशिष्ट ७ मधील विषयांवर. त्यात कुपोषण निर्मूलन, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसा जतन, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन आदी. कंपनीच्या कामाच्या परिसराला प्राधान्य.

काय धरत नाहीत : कंपनीचा नेहमीचा व्यवसाय, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी, राजकीय पक्षांना देणग्या.

प्रशासकीय खर्च : एकूण सीएसआर खर्चाच्या कमाल ५ टक्के.

पैसे उरल्यास : चालू प्रकल्पांचा निधी आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात, पुढील तीन आर्थिक वर्षांत तो खर्च करणे बंधनकारक. इतर शिल्लक सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधील निधीत जमा.

गल्लत नको

- सीएसआर : नफ्यातून केलेला सामाजिक खर्च.
- बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल) : व्यवसाय कसा चालतो, याचा अहवाल. वीज, पाणी, कचरा, कार्बन उत्सर्जन, कामगारांची सुरक्षितता यांचा तपशील त्यात द्यावा लागतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ने तो २०२२-२३ पासून सक्तीचा केला.