टेकडीवर झाड लावण्याआधी

पुण्यातील वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. तिच्या पायवाटांवर पहाटेपासून फिरणाऱ्यांची वर्दळ असते. त्यांतलेच काही जण, कुणी एकेकटे तर कुणी गटाने, टेकडीवर देशी झाडे लावून जगवतात. काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर, चार महिने पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. अशा जागी मूळची झाडी विरळ आणि पानगळीचीच असते : सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, हिवर, मधल्या मोकळ्या जागेत कुसळीसारखी गवते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उजाड उतार लवकर हिरवे व्हावेत म्हणून इथे गिरिपुष्पाची लागवड झाली. हे झाड मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेतले. त्याचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून उत्तम. पण टेकडीवर त्याची दाटी झाली की खालची देशी रोपे मागे पडतात. तरीही सरसकट कुऱ्हाड चालवता येत नाही. शहरी भागात १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि वनजमिनीवर वनखात्याची परवानगी लागते.

घाणेरीची झुडपे काढण्याचे काम अधिक चिकाटीचे. नुसती छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. फळे पिकून पाखरांनी बिया पसरवण्याआधी, कुदळीने मूळ जमिनीखाली तोडून ठोंब काढावा लागतो. तो मुळे वर करून उलटा ठेवला की वाळून जातो.

खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवतात आणि पाऊस स्थिरावला की रोपे लावतात. जवळपासच्याच झाडांच्या बियांपासून केलेली रोपे चांगली. मोकळा माळ दिसला की तिथे झाड लावायचेच, हा उत्साह मात्र आवरायला हवा. आषाढात जमिनीला पाने चिकटवून पांढरी फुले काढणारी आमरी याच गवतात उगवते आणि चंडोलही याच गवतात घरटे करतो. वड-पिंपळ देशी खरे, पण त्यांनी माळ भरला तर या दोघांनाही जागा उरत नाही.

लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे जपावे लागते. आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल टिकते. भोवतीचे वाळके गवत काढले की वणव्यात रोप वाचण्याची शक्यता वाढते. जुलैत वृक्षारोपणाला माणसे पुष्कळ येतात. टेकडीला खरी गरज आहे ती एप्रिल-मे महिन्यांत दोन लिटरची बाटली घेऊन चढणाऱ्यांची.