मोडलं, पण जुळलं

उत्खननात निघालेल्या सांगाड्यात मोडून पुन्हा जुळलेलं हाड दिसलं, की एक गोष्ट पक्की होते: त्या दुखापतीनंतरही माणूस जगला होता. मोडलेल्या जागी आधी मऊ गाठ धरते, काही आठवड्यांत ती टणक होते, आणि पुढे वर्षानुवर्षं तिला आकार येत राहतो. मरतेवेळी मोडलेल्या हाडावर यातलं काहीच नसतं.

प्राचीन ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भाले-ढाली येतात. पण तिथल्या सांगाड्यांतली मनगटाजवळची मोड बहुधा साध्या पडण्याची, तोल जाताना हात टेकल्याची. खडकाळ देश तो, पाय घसरायला निमित्तं कमी नव्हती! पुढच्या हाताचं करंगळीकडचं हाड एकटंच मधे मोडलेलं असेल, तर वार अडवायला हात वर केला असावा. मात्र पडूनही तसं होतं, तेव्हा लगेच मारामारीची फिर्याद नोंदवू नये.

ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या अस्थिभंगाच्या ग्रंथात मेणाचं मलम, कापडी पट्ट्या, मग खपाट्या असा क्रम आहे. लेखक मोठा फटकळ. धनुर्धराच्या पवित्र्यात रुग्णाचा हात बांधणाऱ्या हुशार वैद्याची तो यथेच्छ खरडपट्टी काढतो. पुढचा हात साधारण 30 दिवसांत जुळतो, असं त्याचं म्हणणं. तेवढे दिवस शेत कोण बघत होतं, हे त्यात नाही. सांध्यांवरच्या दुसऱ्या ग्रंथात निखळलेला खांदा बसवण्याची एक रीत मात्र खास आखाड्यासाठी सांगितली आहे, कारण तिला कसलंच साहित्य लागत नाही. दुसऱ्याचा भक्कम खांदा पुरतो.