दमणाऱ्या चुन्याचा मागोवा

चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तोच चुना 650 अंशांच्या आसपास वीजकेंद्राच्या धुरात सोडला, की तो वायू शोषून पुन्हा चुनखडी होतो. कागदावरचा हिशेब असा की 56 ग्रॅम चुना 44 ग्रॅम वायू धरतो.

1970च्या दशकात अमेरिकेत, साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत याच रसायनाच्या जोरावर कोळशापासून इंधनवायू काढणारा प्रायोगिक कारखाना चालला. हवामानाची चिंता त्यामागे नव्हती. वीजकेंद्राच्या धुरासाठी आराखडा मांडला तो जपानच्या शिमिझू आणि सहकाऱ्यांनी, 1999मध्ये. भट्ट्या दोन, चुना दोन्हींत फिरता. एकीत तो वायू घेतो, दुसरीत 900 अंशांच्या पुढे सोडतो. या दुसरीत कोळसा जाळायचा तो शुद्ध ऑक्सिजनमध्ये, नाहीतर हवेतला नायट्रोजन पुन्हा वायूत मिसळणार. खर्च वाढतो तो इथेच.

पण खरी डोकेदुखी चुन्याचीच. दर भाजणीत कण आक्रसतात, त्यांची बारीक छिद्रं बुजतात. संशोधक बार्कर यांनी ही घसरण 1973मध्येच दाखवली होती. शेकडो फेऱ्यांनंतर चुन्याचे जेमतेम 7-8 टक्केच कामाला येतात. मग चुन्याला पुन्हा ताकद यावी म्हणून वाफ देऊन पाहिली, दुसरे ऑक्साइड मिसळून पाहिले. शोधनिबंधांचे ढीग लागले. मला विचाराल तर टिकला तो सगळ्यात रुक्ष उपाय: चुनखडी स्वस्त आहे, दमलेला चुना काढा, ताजा घाला.

स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात, ला पेरेदा वीजकेंद्रात 2012मध्ये 1.7 मेगावॉट औष्णिक क्षमतेचा संच सुरू झाला तो याच बेतावर. पंधरा मीटर उंचीच्या दोन नळकांड्या, आणि त्यांतून उकळत्या द्रवासारखी उसळणारी चुन्याची भुकटी. धुरातला 90 टक्क्यांपर्यंत वायू त्याने पकडून दाखवला. वायू शोषताना निघणारी उष्णता इतकी प्रखर असते की तिच्यावर वाफ करून आणखी वीज काढता येते. वायू पकडण्याच्या दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे अमाइनच्या द्रावणात, ती सोय नाही.

तरीही पूर्ण आकाराच्या वीजकेंद्राला हे तंत्र कुणी जोडलं नाही. युरोपात कोळशाची केंद्रंच बंद होऊ लागली. तंत्र सरकलं सिमेंटकडे: तैवानमध्ये हेपिंगच्या कारखान्यात 2013मध्ये, इटलीत व्हेर्नास्काला 2020मध्ये प्रायोगिक संच उभे राहिले. सिमेंटवाल्यांना चुनखडी भाजायचीच असते, आणि दमलेला चुना थेट क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांत, खपतो.