काचेच्या पोटात लिहिणारा लेझर

काचेतून प्रकाश आरपार जातो. मग लेझर तिच्या आत कोरतो कसा? फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग! असे काहीशे फेम्टोसेकंदांचे स्पंद काचेच्या आत एका बिंदूवर एकवटले, की तिथली तीव्रता इतकी वाढते की काच एकाच वेळी अनेक फोटॉन गिळते. बदल फक्त त्या बिंदूपाशी; वरचा पृष्ठभाग शाबूत. उष्णतेला पसरायला फारसा वेळच मिळत नाही.

1996 मध्ये जपानचे संशोधक हिराओ यांच्या गटाने असा बिंदू सरकवत काचेत प्रकाशाची वाट आखली. माझ्या मते खरी कमाल हीच. 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल (अर्धं) असे तीव्र स्पंद घडवणाऱ्या ज्या तंत्राला मिळालं, त्यावरच हे लेझर उभे आहेत.

तुमच्यापैकी कोणी डोळ्यांचं फेम्टो-लॅसिक ऑपरेशन करून घेतलंय? मग तुमच्या बुबुळाचा पापुद्रा याच जातीच्या लेझरने कापलाय.