पत्ता उजवीकडून वाचा

हजचा अर्ज असो की मुलीच्या शिष्यवृत्तीचा, आता दोन्ही मोबाइलवरच भरले जातात. पासपोर्ट, आधार, पासबुक, घरातल्यांचे फोटो, सगळे एका वेबसाइटच्या हवाली होते. ती वेबसाइट खरोखर कोणाची, हे पाहण्याची सवय मात्र आपल्या घरांत अजून रुजलेली नाही. वर काबाशरीफचे चित्र आणि कोपऱ्यात अशोकस्तंभ दिसला की आपला भरवसा बसतो. चित्र काय, कोणीही चिकटवू शकतो.

आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलांना सांगतो, वेबसाइटचा पत्ता इंग्रजी अक्षरांत असला तरी तो उर्दूसारखा उजवीकडून वाचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिथे बोट ठेवायचे (रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटी) आणि डावीकडे सरकायचे. हज कमिटी ऑफ इंडियाचा पत्ता ‘हजकमिटी डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. उजवीकडून आधी ‘इन’, मग ‘जीओव्ही’. ही जोडी सरकारी कार्यालयांनाच मिळते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलच्या शेवटी तीच, आणि महाडीबीटीचा पत्ता मध्ये ‘महाराष्ट्र’ येऊन लांबला तरी शेवट तोच.

ठग इथेच हात मारतात. ‘जीओव्ही’ ते मध्येच कुठे तरी घुसवतात, टिंबाच्या जागी आडवी रेघ देतात आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ ठेवतात. डावीकडून वाचणारा ‘हजकमिटी’ पाहूनच निश्चिंत होतो. शिवाय मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो. त्यावर बोट टेकवून तो पूर्ण उघडावा.

कुलपाच्या खुणेबद्दलही एक गैरसमज आहे. तुम्ही भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच तिचा अर्थ. पलीकडे चोरच बसला असेल तर ती सुखरूप त्याच्याच हाती पडते.

उमराह नेणाऱ्या खासगी कंपन्यांच्या पत्त्यात अर्थातच ‘जीओव्ही’ नसते. तिथे वेबसाइट कितीही सुंदर असो, कार्यालयात जाऊन, त्यांच्याकडून आधी गेलेल्यांना विचारून आणि पक्की पावती घेऊनच पैसे द्यावेत.

मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘आज शेवटची तारीख’ म्हणून लिंक आली की अम्मी-अब्बा घाबरून ती दाबतात. लिंक पाठवणारे चाचा भले माणूस असतात, पण त्यांनाही ती दुसऱ्यानेच पाठवलेली असते. पत्ता स्वतः टाइप करावा, आणि एकदा खात्री झाली की बुकमार्क करून ठेवावा. मोबाइलमध्ये पासवर्ड जतन केला असेल तर आणखी एक फायदा होतो. बनावट पत्त्यावर तो पासवर्ड सहसा आपोआप भरला जात नाही. रोज भरला जाणारा पासवर्ड आज आला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता पुन्हा वाचावा.

शिष्यवृत्ती किंवा परतावा ‘मिळवण्यासाठी’ यूपीआयचा पिन मागितला, तर तिथेच थांबावे. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर पोराला रागावण्यात वेळ घालवू नये. तो भीतीने रात्रभर गप्प राहिला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. ताबडतोब 1930 वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. हा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.