वाळवंटातील दगडाचे गोत्र कसे ठरते?

अल्जीरियातील एर्ग शेश या वाळूच्या विस्तीर्ण प्रदेशात मे २०२० मध्ये काही दगड सापडले. त्यांचे एकत्रित वजन सुमारे ३२ किलोग्रॅम होते. हे दगड अशनी असल्याचे निष्पन्न झाले. मात्र त्यांचा समावेश कोणत्याही ज्ञात गटात करता आला नाही. त्यानिमित्ताने अशनींचे वर्गीकरण कसे केले जाते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

अशनींचे पाषाणी, लोहमय आणि पाषाण-लोहमिश्रित असे तीन ढोबळ प्रकार आहेत. पाषाणी अशनीचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. त्यात कॉन्ड्रूल नावाचे गोलाकार कण आढळले, तर तो सर्वसाधारणपणे कॉन्ड्राइट मानला जातो. ज्या पिंडातून तो आला, तो पिंड कधीही पूर्णपणे वितळला नाही, असा याचा अर्थ होय. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकास अकॉन्ड्राइट म्हणतात.

सामान्य कॉन्ड्राइटचे एच, एल आणि एलएल असे तीन उपगट आहेत. एच गटात लोहाचे प्रमाण अधिक, तर एल गटात कमी असते. एलएल गटात एकूण लोहाबरोबरच धातुरूप लोहही अल्प असते. ऑलिव्हिन या खनिजातील लोहाचे प्रमाण मोजून हा भेद निश्चित केला जातो. मूळ पिंडावर असताना खडकाला किती उष्णता लागली, हे ३ ते ६ या अंकांनी दर्शविले जाते. त्याखेरीज आघाताच्या खुणा आणि पृथ्वीवर झालेली झीज यांचीही नोंद होते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत अशनी दीर्घकाळ टिकतात. तथापि त्यांतील धातू हळूहळू गंजतोच.

अकॉन्ड्राइटच्या बाबतीत लोह व मँगनीज यांचे गुणोत्तर आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण निर्णायक ठरते. अशनीचा मूळ पिंड ओळखण्यास त्यामुळे मदत होते.

'एर्ग शेश ००२' हा अशनी अकॉन्ड्राइट आहे. मात्र या वर्गातील बहुसंख्य खडक बेसाल्टसदृश असताना, सुमारे ५८ टक्के सिलिका असलेला हा खडक अँडेसाइट प्रकारचा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचे वय सुमारे ४५६ कोटी ५० लाख वर्षे आहे. म्हणजेच तो पृथ्वीहूनही प्राचीन होय. त्याच्याशी मिळताजुळता लघुग्रह आढळलेला नाही. ज्या आद्यग्रहाच्या कवचाचा हा तुकडा आहे, त्यासारखे पिंड बहुधा नष्ट झाले किंवा मोठ्या ग्रहांत विलीन झाले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. त्याची नोंद 'गटविरहित अकॉन्ड्राइट' अशी करण्यात आली आहे.

नव्या अशनीच्या नावास मिटिऑरिटिकल सोसायटीची नामकरण समिती मान्यता देते. त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे ठेवावा लागतो. सहारातील अनेक अशनी विक्रेत्यांमार्फत हातोहात जातात आणि त्यांचे मूळ ठिकाण अज्ञात राहते. दगड पारखण्यासाठी शक्तिशाली चुंबक लावल्यास त्यातील कोट्यवधी वर्षांपूर्वीची चुंबकीय नोंद कायमची पुसली जाऊ शकते. म्हणूनच असा दगड आढळल्यास त्याला चुंबक न लावता प्रथम जागेची नोंद व छायाचित्र घेणे आणि मगच तो तज्ज्ञांच्या स्वाधीन करणे हितावह ठरते.