एक थेंब अश्रू, एकच कॅमेरा

न्यूज चॅनल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या आठ चौकटी, आठ चेहरे आणि एकच गलका. त्यामुळे टीव्हीच्या बातम्यांवरचा सिनेमाही असाच कर्कश असणार, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे शाहरुख-जुहीचा ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ (२०००) तसा होताही. म्हणूनच सांगते, एखाद्या शनिवारी रात्री १९८७चा ‘ब्रॉडकास्ट न्यूज’ लावा. पिक्चर अमेरिकेतला, ऑफिस मात्र थेट आपलं!

वॉशिंग्टनमधलं एका न्यूज नेटवर्कचं ब्युरो. जेन (हॉली हंटर) प्रोड्युसर, कामात वाघीण. रोज सकाळी फोनची वायर काढून ठेवते, मिनिटभर ढसाढसा रडते, डोळे पुसते आणि कामाला लागते. अ‍ॅरन (अल्बर्ट ब्रुक्स) तिचा जिवलग दोस्त, प्रचंड हुशार रिपोर्टर, पण कॅमेऱ्यासमोर चेहरा चालत नाही. आणि टॉम (विल्यम हर्ट) दिसायला राजबिंडा, बातमीतलं फारसं कळत नाही आणि तसं तो स्वतःच कबूल करतो. अ‍ॅरनचं जेनवर प्रेम, जेनचा जीव टॉमवर. झाला ना त्रिकोण!

लिबियाची बातमी अचानक येते तो प्रसंग तर मी दोनदा मागे नेऊन पाहिला. अँकरच्या खुर्चीत टॉम. त्याच्या कानात जेन बोलतेय. आणि जेनला फोनवरून माहिती पुरवतोय घरी बसलेला, डावललेला अ‍ॅरन. अ‍ॅरन बोलला की काही सेकंदांत तेच वाक्य टीव्हीवर टॉमच्या तोंडी! अभ्यास एकाचा आणि टाळ्या दुसऱ्याला. तुमच्या मागच्या प्रेझेंटेशनची आठवण झाली ना? पुढे अ‍ॅरनला एकदाची अँकरिंगची संधी मिळते, तेव्हा टॉमच त्याला शिकवतो की कोटाचं मागचं टोक खाली दाबून बस, खांदे नीट दिसतात. (व्हिडिओ कॉलला करून बघा.) अ‍ॅरन कोट दाबतो सगळं बरोबर, पण घामाचं काय? तो घाम प्रत्यक्ष पाहण्यासारखाच आहे, लिहून सांगण्यात मजा नाही.

एवढं हसवता हसवता सिनेमा एका थेंबाशी येऊन थांबतो. टॉम एका बलात्कारपीडितेची मुलाखत घेतो आणि मध्येच त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं दिसतं. सगळे हेलावतात, जेनसुद्धा. आता जरा तांत्रिक. अशा मुलाखतींना बहुतेक वेळा एकच कॅमेरा असतो. तो बोलणाऱ्यावर असतो. विचारणाऱ्याचे मान डोलावणारे शॉट्स नंतर घेऊन मध्ये जोडतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण कॅमेरा एकच, तर मग टॉमचं ते पाणी टिपलं कधी?

प्रश्न एवढासाच. त्यावर एका मुलीचं प्रेम अडतं. टॉमला कळतच नाही की यात एवढं काय बिघडलं, आणि मला वाटतं तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच कळत नाही! आपल्या सिनेमांत अशा वेळी नायिका एअरपोर्टवर धावत जाते. जेनही एअरपोर्टवर जाते. पुढचं तुम्हीच बघा.

मध्येच कर्मचारी कपात येते. ज्यांनी रात्र-रात्र जागून बातमी वेळेत पोचवली, ते खोक्यात सामान भरताना दिसतात. नेमका त्याच दिवशी न्यूयॉर्कहून मुख्य अँकर (जॅक निकल्सन, मोजकेच सीन) सांत्वनाला येतो. स्वतःच्या पगाराचा विषय निघताच त्याचा चेहरा कसा होतो, ते पाहा.

लेखक-दिग्दर्शक जेम्स एल. ब्रुक्स यांनी तरुणपणी सीबीएसच्या न्यूज विभागात काम केलं होतं, त्यामुळे धावपळ अस्सल उतरली आहे. सिनेमाला ऑस्करची ७ नामांकनं मिळाली, बाहुली एकही नाही. आणि जेन जिच्यावरून सुचली, ती सीबीएसची प्रोड्युसर सुझन झिरिन्स्की? ती २०१९मध्ये सीबीएस न्यूजची अध्यक्ष झाली, त्या खुर्चीतली पहिली बाई.